रिपोर्ट येईपर्यंत

स्ट्रेचर ढकलत आलेला माणूस माझा सख्खा धाकटा भाऊ आहे हे मला आधी कळलंच नाही. सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर दिवसभर इतके घामाघूम नातेवाईक येतात, की तोंडं बघायची सवय मोडते. आपण फक्त फॉर्म बघतो. मी फॉर्मसाठी हात पुढे केला, तर तो म्हणाला, "आक्का, मी हाय."

संपत होता. अंगभर तांबडी माती, सदऱ्याची वरची दोन बटणं तुटलेली आणि पायात एकच चप्पल.

"अरे, काय झालं तुला?"

"मला कुठलं काय! लिगाडेअण्णास्नी झालंय. बघ की जरा लवकर."

मी स्ट्रेचरवर बघितलं. गुलाबी फेटा सुटून गळ्याभोवती आला होता. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती, उजवा हात कडेनं लोंबत होता आणि दोन्ही डोळे डावीकडच्या भिंतीवर जाऊन तिथेच राहिले होते. तरी मी ओळखलं. त्या माणसाला मी नऊ वर्षं विसरले नव्हते.

यशवंत लिगाडे. आमच्या भागात कुस्तीचं मैदान भरवायचं म्हटलं की मातीइतकाच हा माणूस लागायचा. माइक हातात घेऊन चार-चार तास बोलायचा. कोण पैलवान कुठल्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, त्याच्या आज्ज्यानं कुणाची पाठ लावली होती, सगळं तोंडपाठ. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात. ह्यानं तर आयुष्यभर मातीच विकली आणि लोकांनी टाळ्या वाजवून घेतली.

"कधी झालं हे?"

"अडीच वाजलं असतील. मोठी कुस्ती लागायची हुती. अण्णा बोलत हुतं आन् मधीच भलतंच कायतरी बोलाय लागलं. एका शब्दाचा दुसऱ्याला मेळ न्हाई. लोकास्नी वाटलं, अण्णा कुणाची तरी नक्कल करायलेत. सगळं मैदान हसाय लागलं, आक्का. शिट्ट्या मारल्या लोकांनी." तो थांबला. "मी बी हसलो. मग माइक पडला तवा कळलं."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. गर्दीतून उचलून, टेम्पोत घालून, अठरा किलोमीटर त्यानं कसा टेम्पो हाणला असेल ते त्याचं त्याला माहीत.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. कृष्णाकाठचं आहे एवढं पुरे. तिथे मी तेव्हा अकरा वर्षं सीटी टेक्निशियन होते. आमच्याकडे मेंदूच्या झटक्याचे पेशंट आठवड्याला दोन-तीन तरी यायचे, त्यामुळे पुढचं सगळं हात आपोआप करत होते. अण्णांना टेबलावर घेतलं, डोकं पट्ट्यानं बांधलं, साधा स्कॅन पाच मिनिटांत झाला. मेंदूत रक्तस्राव नव्हता.

तोवर डॉ. रुबिना जमादार धावत आल्या. इमर्जन्सीत रुजू होऊन त्यांना आठच दिवस झाले होते. अंगानं बारीक, बोलणं भराभर, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी समोरच्याकडे बघायच्या, बरोबर बोलले ना, असं विचारल्यासारखं.

"ह्यांना कुठली गोळी चालू आहे?" त्यांनी संपतला विचारलं.

संपतनं अण्णांच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "हृदयाची हाय म्हणायचे, म्याडम. ठोका चुकतोय म्हणून."

मॅडमनी पाकीट वाचलं आणि ओठ चावला. "रक्त पातळ करायची गोळी आहे ही. म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही, मेंदूत रक्त फुटेल. आता एकच मार्ग. मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढायची. ते काम करणारे मगदूम सर कोल्हापूरहून निघालेत, तासाभरात पोचतील. पण गुठळी कुठल्या रक्तवाहिनीत आहे ते आधी दिसायला हवं. शैलाताई, लगेच सीटी अँजिओ घ्या. सर येतील तेव्हा चित्र तयार पाहिजे, नळी घालायची कॅथलॅबही उघडी पाहिजे. चित्र दिसल्याशिवाय तिथली माणसं बोलावता येत नाहीत, आणि त्यांना यायला पाऊण तास लागतो."

"त्यानं काय हुतं?" संपतनं मला विचारलं.

"हाताच्या शिरेतून एक औषध सोडायचं. डाय म्हणतात त्याला. मग मानेपासून टाळूपर्यंतच्या सगळ्या रक्तवाहिन्या पडद्यावर दिसतात. कुठे बंद पडलंय ते कळतं. चिरफाड नाही, काही नाही. अर्ध्या मिनिटाचं काम."

"मग कर की!"

"आणि उशीर झाला तर?" हे मीच मॅडमना विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. उत्तर मला पाठ होतं.

"डावी बाजू बंद पडलीय. बोलणं तिथेच असतं. मिनिटाला लाखो पेशी मरतात. आत्ता नेलं तर कदाचित बोलतीलसुद्धा."

मी भिंतीकडे बोट केलं. तिथे पाटी होती, निळ्या अक्षरांत: क्रिएटिनिन रिपोर्ट पाहिल्याशिवाय कोणत्याही पेशंटला डाय देऊ नये. खाली आमच्या विभागप्रमुखांचं नाव.

"किडनीची तपासणी व्हायला हवी, मॅडम. डायनं किडनीला त्रास होतो. रक्त आत्ता पाठवते. रिपोर्ट आला की लगेच करू."

"किती वेळ?"

"पाऊण तास. फार तर पन्नास मिनिटं."

"पन्नास मिनिटं?" त्यांचा आवाज चिरकला. "माझ्या कॉलेजात आम्ही थांबत नव्हतो."

"तुमच्या कॉलेजात नसतील थांबत. इथे थांबतात."

विभागप्रमुख पुण्याला परिषदेला गेले होते. मॅडमनी मगदूम सरांना दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा रिंग जाऊन थांबली. सर गाडी चालवताना फोन घेत नाहीत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांना तसं सांगितलंही, अगदी समजुतीच्या सुरात.

"मी सही करते," त्या अचानक म्हणाल्या. "माझ्या जबाबदारीवर घ्या. आणा फॉर्म."

मी फॉर्म दिला. पेन दिलं. त्यांनी टोपण काढलं.

"करा सही," मी म्हटलं. "पण मॅडम, किडनी गेली तर नातेवाईक तुमची सही बघून गप्प बसणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी ह्याच खोलीत आमच्या एका माणसाचे दात पाडलेत. पोलीस केस झाली, त्याची नोकरी गेली. तुम्ही आठ दिवसांपूर्वी आलायत म्हणून सांगते हो. मला काय, मी बटण दाबणार."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. मग त्यांनी टोपण लावलं. "रिपोर्ट आला की मला हाक मारा," असं म्हणून त्या गेल्या. दार लागताना त्यांनी पुन्हा एकदा पाटीकडे बघितलं.

मी अण्णांच्या दंडाला रबर बांधलं, रक्त घेतलं. सुई टोचताना त्यांनी डावा हात आखडला. म्हणजे शुद्ध होती. तोंडातून घशातल्या घशात एक आवाज आला, आणि लाळ गालावरून कानाकडे वाहिली. संपतनं ती फेट्याच्या टोकानं पुसली.

नऊ वर्षांपूर्वीची आमच्या गावची जत्रा. बायका मैदानात जात नसत. आम्ही घरातच बसून ऐकायचो. देवळाच्या शिखरावर आणि विजेच्या खांबांवर कर्णे बांधलेले असायचे, त्यामुळे माइकवर बोललेला शब्दन् शब्द गावाला ऐकू यायचा. संपतची पहिली मोठी कुस्ती होती. तो चौदा वर्षांचा असल्यापासून आई पहाटे चारला उठून म्हशीची धार काढायची, बदाम वाटायची, त्याच्या लंगोटाला स्वतः साबण लावायची. मी माहेरी आले होते. आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. कर्ण्यावरून "संपत डांगे" असं नाव आलं तसे आईनं हात जोडले.

चाळीस सेकंद. तेवढ्यात त्याची पाठ लागली.

आणि लिगाडे म्हणाला, "काय ओ डांगे पैलवान, आईनं दूध पाजून लावून दिलंय का च्या पाजून?"

हसू त्याच कर्ण्यातून आलं. आठ-दहा हजार माणसांचं. आई जागची उठली नाही. दारावरून जाणाऱ्या दोघा पोरांनी आत बघितलं आणि तोंडावर हात धरून पळाली. त्या दिवसापासून आईनं चहा सोडला, मरेपर्यंत. पाहुण्याकडे गेली तरी "मी घेत न्हाई" एवढंच म्हणायची, आणि कारण गावाला ठाऊक होतं. संपतचं नाव 'च्या पैलवान' पडलं. त्यानं तालीम सोडली, टेम्पो धरला. एका ठिकाणी लग्नाचं जमत आलं होतं, तर मुलीच्या मामानं बैठकीतच हसत विचारलं, "जावईबापूस्नी च्या चालतोय न्हवं?" आईनं पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला, आणि ते लग्न बारगळलं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटच्या आजारात नर्सनं चहाचा कप पुढे केला, तेव्हा तिनं तोंड फिरवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि आता तो माणूस माझ्या टेबलावर होता, डोकं माझ्या पट्ट्यानं बांधलेलं.

साडेतीन वाजले. संपत बाकावरून उठायचा, लॅबकडच्या बोळात डोकावायचा, परत यायचा.

"आला न्हाई अजून?"

"आला की सांगीन. बस तू."

"आक्का, तुजी वळख हाय न्हवं लॅबात? एक फोन कर की."

"मशीनला ओळख कळत नाही, संपत."

तो बसला. मातीचे हात मांडीवर पुसले. मग मी न विचारता बोलायला लागला. "मी समोरच हुतो. अण्णांनी आत्ताच नाव घेतलं हुतं माजं."

"तुझं नाव? कशाला?"

"दरसाली घेतात. मला गर्दीत बघितलं की माइकवरनं म्हणतात, 'आले काय आमचे च्या पैलवान? द्या रं त्येंला बसाय जागा.' मग मी हात वर करतो. लोक हसतात. पुढची माणसं सरकून जागा देतात."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "तू मैदानाला जातोस?"

"दरसाली."

"त्या दिवसानंतर? इतकं होऊन?"

"काय झालं हुतं इतकं?" तो खरंच विचारत होता. "चाळीस शेकंदात पडलो मी, आक्का. अण्णा काय खोटं बोलले? मी पैलवान न्हवतोच. वस्ताद रोज सांगायचा, तुज्या अंगात कुस्ती न्हाई म्हणून. आईला कोण सांगणार! ती बदाम वाटत बसायची. पडलो तवा एक सांगू? सुटल्यावाणी वाटलं मला."

"आणि आई?"

"आईला सांगाय पायजे हुतं. धीर झाला न्हाई." त्यानं अण्णांकडे बघितलं. "आन् दहा हजार माणसांत माजं नाव दुसरं कोण घेतंय? सांग की. टेम्पोवाल्याला 'ए टेम्पो' म्हणतात."

तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

तेव्हाच उठायला हवं होतं. खुर्चीपासून डाय सोडणाऱ्या इंजेक्टरच्या बटणापर्यंत चार पावलं होती. मी उठले नाही. भावाचा मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षं मी आणि आईनं जे ओझं वाहिलं ते त्याचं नव्हतंच. तो तर दरवर्षी हात वर करून हसवून घेत होता. आणि आता उठले असते तर मघाशी का नाही उठलीस, हे त्यानं विचारलं असतं. मी रजिस्टर ओढलं आणि त्यात सकाळच्या पेशंटांची नावं पुन्हा तपासत बसले.

चार वाजता मॅडम येऊन गेल्या. पाच मिनिटांनी पुन्हा आल्या. अण्णांचा उजवा पाय त्यांनी टोचून बघितला. मघाशी थोडा हलत होता, आता हलला नाही. त्यांनी केसपेपरवर वेळ लिहिली.

सव्वाचारला रिपोर्ट आला. किडनी ठणठणीत होती.

डाय सोडला. अर्ध्या मिनिटात चित्र पडद्यावर उभं राहिलं. उजव्या बाजूला कपाळापर्यंत भरगच्च फांद्या. डाव्या बाजूला मोठी रक्तवाहिनी मानेतून नीट वर आली होती आणि कानाच्या वर, बोटभर अंतरावर, एकदम संपली होती. तिच्यापुढे काळं होतं. असं चित्र मी शंभरदा पाहिलं असेन, पण त्या दिवशी त्याच्याकडे फार वेळ बघवलं नाही.

मगदूम सर दारातूनच पडदा बघून म्हणाले, "आहे, मोठ्या वाहिनीतच आहे. चला, चला, उचला ह्यांना." कॅथलॅबची माणसं गोळा व्हायला पाच वाजले, आणि मग त्यांनी ती गुठळी काढलीही. तांदळाच्या दाण्याएवढी होती म्हणाले. पण बाहेर आले तेव्हा तोंडावर समाधान नव्हतं. संपतला म्हणाले, "रक्त सुरू झालंय. पण मधला भाग गेला. जीवाला धोका नाही."

"बोलतील न्हवं, साहेब?"

"बघू."

डॉक्टर 'बघू' म्हणतात तेव्हा त्यांनी बघितलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांना पुन्हा स्कॅनला आणलं. चोवीस तासांनी एकदा बघावं लागतं. ढकलत संपतच आला. रात्रभर तिथेच होता. अण्णांची बायको आली होती, ती वरच्या मजल्यावर डोळे मिटून बसली होती म्हणाला. अण्णा गुंगीत होते. सकाळी त्यांना नाव विचारलं, तेव्हा तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

"पाच मिनिटं थांब," मी म्हटलं, आणि तेवढ्यात इमर्जन्सीतून दुसरं स्ट्रेचर आलं. साठीच्या एक बाई, जेवता जेवता डावा हात पडलेला. सोबत मगदूम सरच होते. "शैला, साधा आणि अँजिओ एकदमच घे." मी घेतला. साधा स्कॅन, लगेच डाय, लगेच चित्र. सगळं मिळून बारा मिनिटं. सर पडदा बघत बघतच फोनवर बोलायला लागले आणि बाईंना घेऊन गेले.

मी वळले. संपत दारात उभा होता. दार उघडंच राहिलं होतं.

"आक्का, त्या बाईंचं रक्त न्हाई तपासलं?"

"पाठवलंय."

"रिपोर्ट आला?"

"येईल."

"मग औषध सोडलंस की."

मी अण्णांचा फॉर्म हातात घेतला. "झटक्याच्या पेशंटला थांबायचं नसतं," मी म्हटलं. शब्द तोंडातून गेले आणि मग मला ऐकू आले.

खरं तेच होतं. दहा महिन्यांपूर्वी मगदूम सरांनी आम्हा तिघा टेक्निशियनांना बसवून सांगितलं होतं, की झटक्याच्या पेशंटचं रक्त घ्या, पाठवा, पण रिपोर्टसाठी एक मिनिट थांबू नका. विभागप्रमुखांनी मान डोलावली होती. फक्त पाटी बदलायची राहून गेली होती, जशी आमच्याकडे राहते. त्या दहा महिन्यांत मी तीसएक पेशंटांना रिपोर्ट न बघता डाय दिला होता. पाटी खरी मानणारं त्या हॉस्पिटलात कुणी उरलं असेल, तर ते आठ दिवसांपूर्वी रुजू झालेलं असणार.

"मग काल?" संपतनं विचारलं.

"काल मॅडम थांबा म्हणाल्या. नवीन आहेत. घाबरल्या."

हेच मी सकाळी नऊ वाजता मगदूम सरांना सांगितलं होतं, आणि त्यांनी मानलं होतं. जमादार मॅडमना ते सगळ्या वॉर्डासमोर इतकं फाडून बोलले, की नर्सेस खाली बघत होत्या. मॅडमनी एकदाच माझ्याकडे बघितलं. त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. सही त्यांनी केली नव्हती, आणि वेळा त्यांच्याच हातानं लिहिलेल्या होत्या.

पण संपत सर नव्हता. "म्याडम तर करा म्हणत हुत्या," तो म्हणाला. "सही करते म्हणाल्या. मी हितंच बाकावर हुतो, आक्का."

मी फॉर्म टेबलावर ठेवला.

तो माझ्याकडे बघत राहिला. कालची माती त्याच्या कानामागे अजून वाळलेली होती. त्याला समजायला जेवढा वेळ लागला तेवढा मी तिथे उभी होते. मला वाटलं ओरडेल. मला तर हवंच होतं की ओरडावं, हात उचलावा, सरांना बोलवावं.

"आईसाठी?" त्यानं विचारलं.

मी होय म्हणून मान हलवली.

"मला इचारायचं तरी हुतं," तो म्हणाला. "पडलो मी हुतो."

मग त्यानं अण्णांना टेबलावर घ्यायला मला मदत केली. खांद्याखाली हात घालून, अगदी हळू. डोक्याचा पट्टा मात्र त्यानं मला लावू दिला नाही. स्वतः लावला.

ह्याला आता आठ वर्षं झाली. जमादार मॅडम दोन महिन्यांत सोडून गेल्या. जाताना त्यांनी सगळ्यांना पेढे दिले, मला दिले नाहीत. पाटी त्याच आठवड्यात बदलली. मी अजून तिथेच आहे. संपतनं कुणाला काही सांगितलं नाही. सरांना नाही, अण्णांच्या बायकोला नाही. ती त्याला पोटचा पोर मानते. अण्णांचं बोलणं आलं नाही. समजतं सगळं, कुस्ती लागली की डोळे लखलखतात, ओठ हलतात, आवाज येत नाही. माइक दुसऱ्याकडे गेला.

पण दरवर्षी जत्रेच्या दिवशी, मैदानाला जायच्या आधी, संपत वाट वाकडी करून टेम्पो माझ्या दाराशी आणतो. अण्णांना काखेत हात घालून उतरवतो. फेटा त्यानंच बांधलेला असतो. समोर खुर्चीवर बसवतो आणि मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, "अण्णा, ही माजी आक्का. तुमच्या डोक्यातल्या शिरांचा फोटू हिनंच काढला हुता. हिच्यामुळं तुम्ही आज हाईसा."

अण्णा अर्ध्या तोंडानं हसतात. मग डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरतात, तो मेलेला हात मांडीवरून उचलून छातीपाशी आणतात, बोटं सरळ करतात, त्यावर डावा तळवा टेकवतात आणि मला नमस्कार करतात. ह्याला बराच वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ संपत त्यांच्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो.

मीही हात जोडते.

"चला अण्णा," तो म्हणतो. "उशीर व्हाय नगो."